उजवा बूट चार बोटं पुढे

१

सोगाबे गेल्याची बातमी सुगिउराबाईंना कर कचेरीच्या जिन्यात कळली. हातातला चहा तसाच राहिला आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सांगणारा शेजारच्या टेबलावरचा सहकारी होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो अगदी सहज बोलून गेला.

"तुमच्याच प्रकरणातला ना तो? टॉवेल कारखान्यातला, सायकलवाला? आज सकाळी कालव्याच्या झडपेपाशी सापडला. सायकल नव्या पुलाच्या पायथ्याशी होती, आणि काठावर बूट काढून नीट ठेवलेले."

पाण्याच्या काठी बूट नीट काढून ठेवलेले असले की त्याचा अर्थ इथे कोणी कोणाला विचारत नाही. माणूस आपल्या पायांनी गेला असं समजतात आणि आवाज खाली करतात.

प्रकरण म्हणाल तर फुसकं होतं. त्सुकिओका टॉवेल कारखाना सायकलीने येणाऱ्या कामगाराला भत्ता देतो. घरापासून फाटकापर्यंतचा नेहमीचा रस्ता दोन किलोमीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर त्या भत्त्यावर कर नाही. कमी भरला तर तो भत्ता पगारातच धरायचा आणि त्यावर कर कापायचा. सोगाबे तेरुओ कारखान्याच्या रंगखात्यात होते आणि त्यांच्या भत्त्यावर कधीच कर कापला गेला नव्हता. सुगिउराबाई तपासणीला गेल्या, नकाशावर बोट ठेवलं, आणि बोट नव्या पुलावरून सरळ फाटकात गेलं. अंतर दोनच्या आत भरत होतं. जुन्या पुलाने वळसा घालून गेलं तर दोनच्या वर जात होतं, पण नवा पूल समोर असताना वळसा कोण घालतो? त्यांनी तेवढंच विचारलं होतं. त्या कराच्या रकमेत दोन माणसांचं धड जेवणसुद्धा झालं नसतं.

पण कारखान्यात प्रश्न गेला आणि त्याचा आरोप झाला. सकाळच्या सभेत, सगळ्या कामगारांसमोर, सोगाबेंचं नाव घेतलं गेलं. त्याच संध्याकाळी सोगाबेंनी कारखान्याच्या कचेरीतून बाईंना फोन केला. आवाज शांत होता. अपमान गिळून बोलणाऱ्याचा असतो तसा.

"बाई, मी रोज जुन्या पुलानेच येतो. उद्या तुमच्याकडे येऊन सिद्ध करतो."

"पुरावा आहे का काही?"

"आहे. माझा पुरावा पाण्यात आहे," सोगाबे म्हणाले आणि फोन ठेवला.

उद्या उजाडला तेव्हा सोगाबे स्वतःच पाण्यात होते.

२

"झालं की मग," पोलीस ठाण्यातले नागाई म्हणाले. "पुरावा पाण्यात आहे म्हणजे काय? जीव देतो आता, असंच ना. तुम्ही मनाला लावून घेऊ नका बाई. तुम्ही तुमचं काम केलंत."

हे वाक्य बाईंना दोन दिवसांत तिसऱ्यांदा ऐकायला मिळालं होतं आणि प्रत्येक वेळी ते जास्त बोचलं होतं. आपण विचारलेल्या एका क्षुल्लक प्रश्नाने माणूस मेला की नाही, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. मेला असेल तर तेही कळायला हवं होतं. त्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

"मला फोटो बघायचेत. रस्ता ठरवायचाय मला, माझं प्रकरण अजून बंद नाही," त्या म्हणाल्या. कर कचेरीच्या माणसाला कोणी सहसा नाही म्हणत नाही. नागाईंनी फोटो पुढे सरकवले.

बूट कापडी होते, टाचा दाबून चपट्या झालेले. पण ठेवले होते सुरेख. दोन्ही टोकं रस्त्याकडे आणि टाचा पाण्याकडे. उजवा बूट डाव्यापेक्षा चार बोटं पुढे.

"बघा, जाताजातासुद्धा रीत सोडली नाही," नागाई म्हणाले. "दारात वळवून ठेवतात तसे ठेवलेत."

"दारात आपण वळवतो ते परत निघताना पाय घालायला सोपं जावं म्हणून. हा माणूस परत येणार होता का?"

"सवय हो बाई. हाताला सवय असते."

दुसरा फोटो सोगाबेंच्या गळ्यातल्या टॉवेलचा होता. टॉवेल पांढरा, पण पाठीकडची बाजू चांगली लालभडक. रक्त नव्हे, रंग. नागाईंनी खांदे उडवले. रंगाऱ्याच्या टॉवेलला रंग लागणार नाही तर काय लागणार? डोक्याला मागून मार होता, तो उडी मारताना दगडाचा. छातीत पाणी भरलेलं होतं, म्हणजे गेले ते बुडूनच. सगळं कसं चोख बसत होतं.

बाईंना चोख बसलेल्या गोष्टींचा धंद्यामुळेच संशय यायचा. खरा हिशेब थोडा तरी वाकडा असतो. त्या उठल्या आणि आपली सायकल काढून सोगाबेंच्या घराकडे निघाल्या.

३

सोगाबेंची मुलगी चिहारु बालवाडीत शिकवायची. आई लहानपणीच गेलेली, घरात बाप आणि लेक दोघंच. बाई कोण आहेत हे कळल्यावर ती दारातच थबकली. हाकलून देईल असं बाईंना वाटलं, आणि हाकललं असतं तर त्यांना बरंही वाटलं असतं.

"या आत," चिहारु म्हणाली. "बाबा म्हणाले होते, त्या बाई सरळ वाटतात, ऐकून घेतील."

बाईंनी दाराशी बूट काढले आणि पायरी चढून आत गेल्या. काही सुचेना म्हणून त्यांनी जे विचारायचं तेच विचारलं. जुन्या पुलाने का जायचे ते?

"गुडघा हो, ताई. उजव्या गुडघ्यात पाणी व्हायचं. डॉक्टर म्हणाले सायकल चालवा, चांगलीच आहे, पण चढ चढू नका. नव्या पुलावर सायकल हातात धरून चढावर ढकलत न्यावी लागते ना? ते त्यांना एकदाही जमलं नाही. पूल झाला त्या दिवशी सगळं गाव चढून आलं, माझे बाबा खालून बघत उभे राहिले."

"हे कारखान्यात का नाही सांगितलं?"

"सांगतील कसे? गुडघा गेला म्हटलं की रंगखात्यातून काढून झाडूवर बसवतील. जिवाला खात राहतील पण बोलणार नाहीत, असले होते ते." तिने डोळे पुसले. "वाकतासुद्धा येत नव्हतं त्यांना. बुटांच्या टाचा बघितल्यात ना? हाताने ओढताच यायच्या नाहीत, म्हणून तसेच पाय सरकवायचे."

बाई पुढे सरकल्या. "मग बूट कोण वळवून ठेवायचं त्यांचे?"

"घरी मी." चिहारु नकळत उठली आणि दारापाशी जाऊन तिने बापाच्या जुन्या चपला मांडून दाखवल्या. टोकं बाहेर, उजवी चार बोटं पुढे. "पायरी उतरताना दुखरा पाय आधी, आणि तो न वाकवता सरळ जायला हवा, म्हणून असं."

"आणि कारखान्यात?"

"तिथेही कोणीतरी आहे. मी विचारायची, तर बाबा नुसते हसायचे. म्हणायचे, आहे एक भला माणूस, नाव घेतलं तर बिचारा लाजेल. इतकी वर्षं रोज दुसऱ्याच्या पायाशी वाकतं का कोणी?" चिहारुने बाईंचा हात धरला. "ताई, तुम्ही कारखान्यात जाल ना? तो माणूस सापडला तर माझा नमस्कार सांगा. राहूनच गेलं."

बाईंनी मान हलवली. काठावरचे बूट सोगाबेंनी ठेवलेले नव्हते. ज्याने ठेवले, त्याला चार बोटांचं अंतर ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असलेलं एकच माणूस आतापर्यंत बाईंना भेटलं होतं, ते समोर रडत होतं.

"गळ्यातला टॉवेल?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"रोज सकाळी मी धुतलेला द्यायची. पांढराशुभ्र. त्या दिवशीसुद्धा कामावर निघताना मीच गळ्यात टाकला."

कामावर निघताना टॉवेल पांढरा होता, आणि सोगाबे कामावर पोचलेच नव्हते. मग रंग लागला कुठे?

४

त्सुकिओका कारखान्याच्या कचेरीत धाकटे मालक रेइजी खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि व्यवस्थापक कुसुनोकी त्यांच्या मागे ताठ उभे होते. रेइजींना भलतीच घाई होती.

"बाई, कर किती होतो सांगा, आम्ही भरून टाकतो. दंडही भरतो. गेलेल्या माणसाचा रस्ता मोजत काय बसायचं? बरं दिसत नाही ते."

"कर लागतो की नाही हेच ठरायचंय अजून."

"लागतो असंच धरा ना. तो नव्या पुलानेच यायचा. सगळेच येतात. सायकलसुद्धा तिथेच सापडली, आणखी काय पाहिजे?"

कर कचेरीला कर घ्याच म्हणून आग्रह करणारा मालक बाईंनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी कुसुनोकींकडे मोर्चा वळवला. "सभेत नाव तुम्ही घेतलंत?"

"घेतलं. नियम म्हणजे नियम," कुसुनोकी म्हणाले. "त्यांनी भर सभेत सांगितलं, मी जुन्या पुलाने येतो. लोक हसले. जुन्या पुलावरून आता कुत्रंही जात नाही, बाई. मी म्हटलं, सोगाबे, खोटं बोलायचं तर पचेल असं तरी बोला." ते थांबले. "हे मी बोलायला नको होतं. रात्री झोप लागत नाही मला."

"संध्याकाळी त्यांनी मला फोन केला तेव्हा इथे कोण कोण होतं?"

"मी होतो. मालक होते. आणि इबुकी, रंगखात्याचे प्रमुख. सोगाबेंबरोबर एकाच दिवशी कामाला लागलेले, जिवाभावाचे मित्र. तेच त्यांना समजवायला आले होते."

म्हणजे पुरावा पाण्यात आहे हे वाक्य तिघांच्या कानांवर पडलं होतं. तिघांपैकी एकाने ते भलत्याच गांभीर्याने घेतलं होतं.

"कारखान्याच्या दारात सोगाबेंचे बूट कोण वळवायचं?" बाईंनी अचानक विचारलं.

कुसुनोकी गोंधळले. "बूट? आमच्याकडे सगळ्यांचेच बूट वळवलेले असतात. शिस्त आहे. कोण वळवतो हे कधी बघितलं नाही बुवा."

रेइजींनी मात्र घड्याळाकडे बघितलं. "बाई, जुन्या पुलाकडे जायचं असेल तर जाऊ नका हं. कठडा मोडकळीला आलाय. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

जुन्या पुलाकडे जायचं बाईंनी नावसुद्धा काढलं नव्हतं.

५

जायचं नाही म्हटल्यावर त्या गेल्याच. सोगाबेंच्या घरापासून सायकलीवर बसून, सोगाबे जायचे तसंच, सावकाश. मीटरचा आकडा जुन्या पुलाच्या अलीकडेच एकच्या पुढे गेला होता, आणि पूल ओलांडून कारखान्याच्या मागच्या भिंतीला वळसा घालून फाटकाशी येईपर्यंत दोनच्या वर आरामात जाणार होता. म्हणजे माणूस खरं बोलत होता. पण खरं बोलला म्हणून भागत नाही, खरं दाखवावं लागतं. रोज सकाळी आपण या ओसाड पुलावरून जातो हे कोणी कसं दाखवावं?

पुलावर त्या उतरल्या. कठडा गुडघ्याएवढा. खाली काठाच्या दगडी पायथ्यावर कारखान्याच्या भिंतीतून एक जाड नळ बाहेर आला होता. त्याच्या तोंडाखालचे दगड बाईंनी वाकून बघितले. निळा, त्यावर पिवळा, त्यावर लाल, असे थरावर थर चढले होते.

रंगाचं पाणी शुद्ध केल्याशिवाय कालव्यात सोडायचं नाही, हा कायदा या गावात सगळ्यांना पाठ आहे. दिवसाढवळ्या कालवा आरशासारखा स्वच्छ असतो, आणि त्याचा कारखान्याला केवढा अभिमान. पण पहाटे, लोक उठायच्या आत नळ सोडला, तर लोक कामावर येईपर्यंत सगळं वाहून जातं. नवा पूल वरच्या अंगाला आहे, तिथून काही दिसत नाही. आणि जुन्या पुलावर तर कुत्रंही येत नाही.

एक माणूस मात्र येत होता. रंगखात्याची पहिली पाळी धरायला, दुखऱ्या गुडघ्याने, पहाटे. कोणत्या दिवशी पाणी निळं होतं आणि कोणत्या दिवशी लाल, हे त्याला बघावंच लागत होतं. ते त्याने फडाफडा सांगितलं असतं, आणि रंगखात्यात कोणत्या दिवशी कोणता रंग उकळला याच्याशी ताडून बघितलं असतं, तर शब्द न् शब्द जुळला असता. आपला रस्ता सिद्ध करायला सोगाबेंकडे हा एकच पुरावा होता, आणि तो खरोखरच पाण्यात होता. मरायच्या गोष्टी ते करतच नव्हते.

आणि टॉवेल? बाईंच्या आईने हयात टॉवेलच्या कारखान्यात काढली होती. गार पाण्यात सुताला रंग चढत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. कालव्यात पडून, वाहून टॉवेल तसा लालभडक झाला नसता. ऊन ऊन लाल पाणी जिथे नळातून पडतं, तिथेच, या दगडांवर, सोगाबे उताणे पडले होते. बराच वेळ पडले असावेत.

बाईंनी पुलावरूनच नागाईंना फोन लावला. "तुम्ही कारखान्यात या," त्या म्हणाल्या. "दारातच थांबा. मी इबुकींना भेटून येते."

६

इबुकी दिसायला दणकट, पण रडून रडून तोंड सुजलेलं. नखांत निळा रंग मुरलेला. बाईंना बघून त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि लवकर सरळच होईनात.

"तेरू सोन्यासारखा माणूस होता, बाई. मी त्याला म्हटलं होतं, अरे, भर तो कर, किस झाड की पत्ती. ऐकेल तर शपथ. म्हणाला, कराचं काही नाही रे, पण मला खोटारडा म्हणाले."

"तुम्ही त्यांना समजवायला गेला होतात त्या संध्याकाळी."

"हो."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी रंगाच्या हंड्यांपाशी होतो. पहाटेपासून." उत्तर फार पटकन आलं.

"त्या दिवशी लाल होता ना रंग?"

इबुकींनी मान वर केली आणि हात मागे घेतले. बाईंनी रेटलं नाही. नळाची तोटी रंगखात्यात होती, पण रंगखात्यात माणसं पुष्कळ. तोटी कोणीही सोडली असेल. त्या उठल्या. "निघते मी."

इबुकी शिरस्त्याप्रमाणे दारापर्यंत पोचवायला आले. दाराबाहेर नागाई उभे होते, कुसुनोकीही लगबगीने आले. बाईंनी येताना मुद्दामच बूट आतल्या बाजूला टोकं करून, अस्ताव्यस्त काढले होते. पाहुण्याचे बूट तसे पडलेले दिसले तर या कारखान्यातल्या कोणाला राहवत नाही, हे त्यांना माहीत होतं. फक्त कोणाचा हात कसा पडतो, हे बघायचं होतं.

कुसुनोकी पुढे झाले, पण त्यांच्या आधी इबुकी वाकले. बोलताबोलता, खाली न बघता. "सांभाळून जा बाई, पायरी उंच आहे," असं म्हणत त्यांनी बूट वळवले आणि सरळ झाले.

टोकं बाहेर. उजवा बूट चार बोटं पुढे.

बाई बुटांकडे बघत राहिल्या. त्या का बघताहेत हे आधी नागाईंना कळलं, आणि मग, हळूहळू, इबुकींना.

"सोगाबे भला माणूस म्हणायचे तुम्हाला," बाई म्हणाल्या. "नाव मात्र घरी कधी सांगितलं नाही. खात्याचा प्रमुख आपल्या पायाशी वाकतो हे कळलं तर तुमची शोभा होईल म्हणून."

इबुकी मटकन पायरीवर बसले.

"पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलंय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मालक म्हणाले, दुरुस्तीला पैसे नाहीत, तू बघ काय ते. मी नळ सोडायला लागलो. तेरूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज बघायचा आणि माझ्यासाठी गप्प बसायचा. त्या संध्याकाळी म्हणाला, आता नाही रे जमणार, चिहारुचा बाप चोर म्हणून मला जगायचं नाही. पहाटे मी पुलावर वाट अडवून उभा राहिलो. म्हटलं, दोनशे घरं चालतात या कारखान्यावर. तो सायकल ओढत होता, मी धरत होतो. कठडा केवढासा."

"आणि मग?"

"खाली गेलो तर नळाखाली पडला होता. हलत नव्हता. गेलाच होता तो. मग मनात आलं, नव्या पुलापाशी ठेवलं सगळं, तर लोक म्हणतील लाजेने गेला, आणि जुन्या पुलाकडे कोणी फिरकणार नाही. बूट काढले त्याचे आणि त्याला पाण्यात सोडला. काठावर बूट ठेवताना मी बघितलंसुद्धा नाही, बाई. सारखेच ठेवले होते ना मी?"

"फार नीट ठेवलेत," बाई म्हणाल्या. "रोजच्यासारखे."

नागाईंनी घसा साफ केला. सांगावं की सांगू नये, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण पोलिसाला सांगावंच लागतं. "इबुकी, त्यांच्या छातीत पाणी होतं. मेलेला माणूस पाणी ओढत नाही. तुम्ही पाण्यात सोडलंत तेव्हा सोगाबे जिवंत होते."

इबुकींनी आपल्या हातांकडे बघितलं. मग ते बाईंच्या बुटांपाशी गेले आणि उजवा बूट मागे ओढून डाव्याच्या रेषेत आणायला लागले. बूट काही रेषेत येईना. शेवटी कुसुनोकींनी त्यांचा हात धरून बाजूला केला.

७

कालव्याबद्दल रेइजींनाही बोलावणं गेलं, ते वेगळ्या खात्याचं काम होतं. सुगिउराबाईंनी त्याच दुपारी आपलं प्रकरण बंद केलं. रस्ता जुन्या पुलाचा, अंतर दोनच्या वर, भत्ता करमुक्त. तीन वाक्यं. शिक्का मारताना त्यांना वाटलं होतं की छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. त्यांच्या प्रश्नाने सोगाबेंचा जीव घेतला नव्हता, हे खरं. पण तो प्रश्न विचारला नसता, तर आज पहाटेही दोन मित्र एकमेकांना न बोलता सांभाळत राहिले असते, आणि कालवा लाल वाहत राहिला असता. यात बरं कोणतं, हे त्यांना सांगता येईना.

नागाईंना त्यांनी एकच विनंती केली होती, की मुलीला मी सांगते.

चिहारुने दार उघडलं. बाईंनी पायरीवर उभं राहूनच सांगून टाकलं, की बाबा खरं बोलत होते, लेखी तसं झालंय, कारखाना उद्याच्या सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे. आणि ते जीव द्यायला गेले नव्हते. ते कामावर निघाले होते, आणि नंतर माझ्याकडे यायचे होते.

चिहारु खूप वेळ रडली. हे रडणं आधीच्यासारखं नव्हतं, तिला श्वास घेता येत होता. मग ती आत गेली आणि फडक्यात बांधलेला एक डबा घेऊन आली. गोड घेवड्याच्या वड्या होत्या, बापाला आवडायच्या त्या. कडेने अजून ऊन.

"आत्ताच केल्या," ती म्हणाली. "बाबांच्या फोटोपुढे ठेवल्या आणि थोड्या बाजूला काढल्या. तो माणूस सापडला का हो, ताई? बूट वळवणारा? त्याला द्यायच्यात."

तिने डबा पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला आणि बाजूच्या मांडणीवर ठेवला. मग बूट काढून त्या आत गेल्या आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"सापडला," त्या म्हणाल्या. "बस, चिहारु. सांगते."